दाजींच्या आत्मचरित्राची प्रतवारी

आत्मचरित्र कोणी वहीत लिहितं, कोणी हल्ली थेट मोबाइलमध्ये. आमच्या दाजी शिरधनकरांनी ते आंब्याच्या पेट्यांत भरून पाठवलं. खाली-वर पेंढा, वर फळी, फळीला खिळे. अशा तीन पेट्या. गड्याने त्या ओटीवर उतरवल्या तेव्हा बायको हरखली. भर श्रावणात हापूस कुठला, हे लक्षात यायच्या आत तिने फळी उचकटून पेंढ्यात हात घातला आणि दाजी चौथीत नापास झाल्याचं प्रकरण बाहेर काढलं.

दाजी माझे शेजारी. वय सदुसष्ट. एसटीत कंडक्टर होते तेव्हा दापोली गाडीत दीडशे माणसं कोंबून वर म्हणायचे, "सरका पुढे, आत मैदान हाय." मग बोटीवर आचारी. तेव्हा म्हणे त्यांच्या आमटीच्या वासाने मस्कतपासून मासे बोटीमागे पोहत यायचे. मग जयगडच्या बंदरात पहारेकरी. मग वीस वर्षं आंब्याच्या बागा करारावर. शेवटी गुडघे बागेत जायला नाही म्हणाले, तेव्हा लेखक झाले.

"मास्तर, तुमी फक्त शुद्धलेखन बघा," ते म्हणाले. "माल खणखणीत हाय."

पानांवर आकडे नव्हते. पहिल्या पेटीत दाजींनी वादळातून बोट वाचवली, दुसऱ्या पेटीत शाळा सोडली आणि तिसऱ्या पेटीच्या तळाशी त्यांचा जन्म झाला.

"हे काय करून ठेवलंय, दाजी?"

"प्रतवारी. मोठी प्रकरणं एका पेटीत, मध्यम दुसरीत, बारीक तिसरीत. लहान-मोठा माल एकत्र भरला तर गिऱ्हाईक दारात उभं करील काय?"

"आणि जन्म तळाला?"

"तो बारका झाला ओ. जन्माचं आठवतंय कोणाला?"

गणपतीच्या आत मजकूर छापखान्यात द्यायचा होता. पंधरा दिवस मी माजघरात त्यांचं आयुष्य पसरून बसलो. पानं उडतात म्हणून पंखा बंद. मी घामाने निम्मा झालो. बायको चहा घेऊन यायची ती एक पाय दापोली गाडीत नि दुसरा अरबी समुद्रात टाकत. आणि रोज चारच्या ठोक्याला कुंपणावरून दाजींचं डोकं वर यायचं, "पिकलं काय?"

शेवटी आयुष्य सरळ लागलं, आणि तेव्हा कुठे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बोटीवरच्या मांजरावर अकरा पानं होती. शालिनीवहिनींवर, म्हणजे दाजींच्या बायकोवर, एक ओळ: 'मे महिन्यात लग्न झाले.' वहिनींना जाऊन तीन वर्षं झालेली. माझं डोकंच फिरलं. तसाच शेजारी गेलो.

"मांजराला अकरा पानं, आणि वहिनी एका ओळीत?"

दाजी सुपारी कातरत होते. "तिचं लिवलंय की. ते कॅनिंगला काढलं."

डाग पडलेला आंबा आमच्याकडे पेटीत जात नाही. तो कॅनिंगच्या कारखान्यात जातो, रस काढायला.

"डागी हाय सगळं," दाजी म्हणाले. "एक पान धड नाय. पेनच पुढे सरकत नाय तिथं."

"ते आल्याशिवाय मी या पुस्तकाला हात लावणार नाही. दुसरा मास्तर बघा."

दाजींनी अडकित्ता खाली ठेवला. मग उठले आणि पलंगाखालून एक क्रेट ओढला. आत पन्नासेक सुटी पानं होती. मी वरचं उचललं.

'बोटीवरून दोन वर्षांनी घरी आलो. किती दिवस, हिने विचारलं. वीस म्हटलं. तिने फणसाचे वीस पापड मोजून डब्यात ठेवले. रोज मला एक तळायची. पापड संपले की मी निघणार, असा हिशेब. निघालो त्या सकाळी डब्यात तीन उरले होते. मधे तीन दिवस तिने तळलाच नव्हता. मी विचारलं नाही.'

तीन पेट्या उपसल्या होत्या मी. त्यांत असं एक पान नव्हतं.

"हे सगळं पुस्तकात जाणार," मी म्हटलं. "बसा. वाचून दाखवा, क्रम लावू."

"माझ्याच्यानं नाय होणार. लिवली तेवढीच. परत बघितली नाय." दाजी स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. "तुमी वाचा मोठ्यानं. मी चहा ठेवतो."

ते आत गेले. मी वर्गातल्या आवाजात वाचायला लागलो. पाच पानं झाली, आठ झाली. आत भांडं वाजलं नाही की गॅस पेटला नाही. घसा कोरडा पडला म्हणून जरा थांबलो.

"हां," आतून आवाज आला. "पुढे?"