डॉक्टरांचा बांध

गायकवाड डॉक्टरांना "चहा घेणार का?" असं विचारायची सोय नव्हती. "कुणी घ्यायचा? कशाच्या बदली? आन् त्यानं हुणार काय?" एवढं झाल्याशिवाय ते कपाला हात लावत नसत. बारामती स्टँडवरचा हॉटेलवाला वैतागायचा, "डॉक्टर, चा हाय, आपरेशन न्हाय!"

ते सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले. मी घरातली पहिलीच कॉलेजला गेलेली. इंग्रजी वाचता येतं, म्हणून त्यांनी मला मदतीला घेतलं. हगवण लागलेल्या लेकरांना घरीच मीठ-साखरेचं पाणी द्यावं का, याबद्दल आजवरचं संशोधन काय सांगतं, हे त्यांना उन्हाळ्याआधी आरोग्य खात्याला कळवायचं होतं. वेळ थोडा, म्हणून आढावा झटपट. मी मात्र विहिरी, जंत, आयांचं शिक्षण, सगळ्यावरचे लेख गोळा केले.

"पोरी, आख्खा तालुका नांगरतीस व्हय? आधी प्रश्नाला बांध घाल. बांधाबाहेरचं सोनं असलं तरी आपलं न्हाय."

बाजारातून काय आणायचं, यालाही ते बांध घालत. त्यांच्या बायको, म्हणजे काकू, म्हणायच्या, "ह्यांच्या बांधात मीठ तेवढं कधी बसत न्हाय."

हळूहळू मलाही जमू लागलं. विहिरी गेल्या, जंत गेले. एका दुपारी मी म्हणाले, "सर, महिन्याच्या आतली बाळंही बाहेर टाकू या. त्यांच्यावर फारसं कुणी लिहिलेलंच नाही." मला वाटलं, शाबासकी मिळेल.

धान्य पाखडणाऱ्या काकूंचं सूप थांबलं.

"ती बाहेर नगं," डॉक्टर म्हणाले. "आमची पोर बारशाआधीच गेली. हगवणीनं. शेळगावात, शेताच्या बांधालाच पुरलीय. मी तवा शिकत हुतो. लोक म्हणाले, एवढ्याशा जिवाला पाणी पाजू नगा. आमी न्हाय पाजलं. चुकलं का बरुबर, आजून कळलं न्हाय."

मग त्या बाळांसाठी वेगळा भाग ठेवला. पुण्याला जाऊन ग्रंथालयं धुंडाळली. हाती काही लागलं नाही. शेवटी त्या मथळ्याखाली मी एकच ओळ लिहिली : 'ठाम सांगता येईल असा अभ्यास सापडला नाही.'

डॉक्टरांनी ती काकूंना वाचून दाखवली.

"म्हंजी आपलं चुकलं का न्हाय?" काकूंनी विचारलं.

"कुणालाच ठावं न्हाय."

काकूंनी तो कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तिच्यापुरती जागा तरी ठिवली."