दर तीस मिनिटांनी शेजारी

मानपाड्यातल्या आमच्या सोसायटीचा मी, श्रीपाद, सलग सात वर्षं सचिव आहे. त्यामुळे तीनशे दोनच्या मैथिलीचं पासपोर्ट-प्रकरण रीतसर नोंदवणं माझ्याकडेच येतं.

मैथिलीला जर्मनीत एम. एस.साठी प्रवेश मिळालेला. पंधरा तारखेच्या आत पासपोर्ट हवा, नाहीतर जागा गेली. पडताळणीला हवालदार आले तेव्हा मी नेमका ठाण्याला कामाला गेलेलो. नियम साधा होता, दोन शेजाऱ्यांनी मुलीला ओळखायचं. मजल्यावरच्या दोघांनी साखळी न काढता "पाहिल्यासारखं वाटतंय" असा जबाब दिला.

"वाटण्याला रकाना नाही," हवालदार म्हणाले. "आठवड्याने येतो."

आम्ही तातडीची सभा घेतली. सीसीटीव्हीचं नेटवर्क सांभाळणारा राजरत्न तिथेच शिडीवर वायर ओढत होता. त्याला राहवलं नाही.

"सर, तुमच्यापेक्षा हे स्विच बरे. प्रत्येक मजल्यावर कॅमेऱ्यांच्या वायरी जोडणारा डबा आहे ना, तो दर तीस सेकंदांनी वायरीच्या पलीकडच्या डब्याला कळवतो. माझं नाव हे, मी अमुक वायरीवर, माझं काम हे. पलीकडचा ऐकतो, लिहून ठेवतो. दोन मिनिटं काही ऐकू आलं नाही तर नाव खोडतो."

"सगळ्या बिल्डिंगला कळवतो?" मी विचारलं.

"छे. फक्त लगतच्याला."

एवढी शिस्त आमच्या एकाही सभासदात नव्हती, हे माझ्या मनाला लागलं. ठराव एकमताने झाला. प्रत्येक सदनिकाधारकाने दर तीस मिनिटांनी समोरच्या दाराकडे तोंड करून नाव, क्रमांक व व्यवसाय घोषित करावा. चार घोषणा चुकल्यास नाव कमी करण्यात येईल.

पहिल्या दिवशी लोकांचे घसे बसले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या झोपेबद्दल सात तक्रारी आल्या. तिसऱ्या दिवशी कोणीतरी आवाज रेकॉर्ड करून दाराला स्पीकर टांगला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी टांगला, मीसुद्धा. मग त्या गोंगाटाला कंटाळून लोकांनी दाराच्या फटींत स्पंज कोंबले. मी जिन्यात उभं राहून एकेका स्पीकरपुढे खूण केली. यादी शंभर टक्के भरली. मला भरून आलं.

आठवड्याने हवालदार तिसऱ्या मजल्यावर आले. "मी मैथिली, तीनशे दोन, विद्यार्थिनी," स्पीकर वेळेवर बोलला. त्या स्पीकरखालीच दारात एक मुलगी फाईल घेऊन उभी होती.

"ही कोण?" हवालदारांनी विचारलं.

"मैथिली," राजरत्न शिडीवरून म्हणाला. "वासंतीबाईंची मुलगी. दर वेळी पाणी विचारते."

"तुम्ही इथलेच?"

"नाही, मोहन्याला राहतो."

"मग चालत नाही." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही?"

"तीनशे एक."

"म्हणजे समोरच. सांगा, ही कोण?"

मी यादी पाहिली. मग मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. "काका, नऊ वर्षं झाली," ती हळू म्हणाली.

"यादीत मैथिली आहे," मी म्हणालो. "ही तीच असावी असं वाटतं."

हवालदारांनी पेनाला टोपण लावलं.

"सर," राजरत्न शिडी उतरत म्हणाला, "ठरावात ऐकायचं कोणी, ते लिहायचं राहिलं."

पंधरा तारीख गेली. तीनशे दोनचा स्पीकर अजून दर अर्ध्या तासाने "विद्यार्थिनी" म्हणतो आणि मी नियमाने खूण करतो.

तुम्ही हसलात, हरकत नाही. आता तुमच्या समोरच्या दारामागे राहणाऱ्या माणसाचं नाव सांगा, पाटी न वाचता. दोन मिनिटं आहेत.