पडद्यामागची जागा

आमचे शेजारी बिडवेकाका टीव्ही आरशात बघतात.

हे सांगितलं की लोक "म्हणजे?" असं विचारतात. म्हणजे असं, की काकांच्या बैठकीच्या खोलीत सोफा आहे, त्याच्या पाठीमागे उंच कपाटावर टीव्ही आहे, आणि सोफ्यासमोरच्या भिंतीवर, जिथे टीव्ही असायला हवा तिथे, एक दांडगा आरसा आहे. साउथहॅम्प्टनला आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात काकांनी मला आणि माझ्या नवऱ्याला, निखिलला, चहाला बोलावलं. आम्ही सोफ्यावर बसलो आणि मागून आवाज येतोय म्हणून दोघांनी एकदमच माना वळवल्या.

"मागं नका बघू," काका म्हणाले. "पिक्चर पुढं आहे."

पुढे आरशात एक जुना हिंदी नायक डाव्या हाताने बंदूक चालवत होता. पाट्या उलट्या, गाड्या उलट्या बाजूने, आणि नायिकेचा पदर भलत्याच खांद्यावर. निखिलने माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं.

काका मूळचे बार्शीकडचे. लहानपणी त्यांच्या गावी जत्रेला तंबूतला सिनेमा यायचा. मधोमध पडदा, पुढे गाव, आणि पडद्याच्या मागच्या बाजूला उरलेलं गाव. काका दरवर्षी मागे बसत. त्यामुळे सगळे पिक्चर त्यांनी उलटे पाहिले, आणि माणसाची आवड दहाव्या वर्षाच्या आत जी काय पक्की होते, ती त्यांची उलटी पक्की झाली. सगळे शूर पुरुष डावखुरे असतात, ही त्यांची समजूत मुंबईला शिकायला जाईपर्यंत टिकली. तिथे कळत्या वयात पहिल्यांदा खुर्चीत बसून समोरून पिक्चर पाहिला तेव्हा ते मध्येच उठून बाहेर आले. "सगळं चुकीचं वाटाय लागलं बघ. ओळखीच्या माणसानं दाढी काढावी, तसं."

ह्याचे परिणाम दूरवर झाले. मुलगी बघायला गेले असताना पोहे संपल्यावर वडीलधाऱ्यांनी "काही विचारायचं असेल तर विचारा" म्हटलं, तेव्हा काकांनी एकच प्रश्न विचारला: "तुम्ही डावखुऱ्या आहात का?" मुलीच्या मामांना त्यात काहीतरी खोट काढल्यासारखं वाटलं. ते स्थळ मोडलं. पुढे कुठलंच जमलं नाही. मात्र नोकरी जमली. एक्स-रेच्या फिल्मवर पेशंटचा डावा हात आपल्या उजवीकडे दिसतो, आणि नवशिक्यांचा तिथेच गोंधळ होतो. काकांना पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखं वाटलं. एक्स-रे काढण्याच्या ह्याच कामावर ते तरुणपणी इंग्लंडला आले आणि निवृत्त होईपर्यंत तेच करत राहिले. अँब्युलन्सच्या नाकावर जी उलटी अक्षरं असतात, ती रस्त्यात उभं राहून सुलट वाचणारा ह्या शहरातला हा एकच माणूस असावा.

दुसरं वेड रेडिओचं. जहाजांसाठी समुद्राच्या हवामानाचं एक बातमीपत्र लागतं. कुठल्या भागात वारा किती, लाटा कशा, दृश्यमानता किती, एवढंच सपाट आवाजात. काका ते डोळे मिटून ऐकतात. आमच्या शहराला बंदर आहे हे खरं, पण काकांचं कुठलंही जहाज त्यात नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आमच्या वडलांच्या अडतीत रेडिओवर बाजारभाव लागायचे. ज्वारी अमुक, तूर तमुक. ह्याच आवाजात. रेडिओवर एवढीच दोन माणसं बघ अशी, की जी मत देत नाहीत."

मत देणं हा काकांच्या लेखी गुन्हाच. आणि द्यायचंच असेल, तर इंटरव्हलनंतर. "इंटरव्हलच्या आधी बोलू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला नवीन नोकरी लागली, कशी वाटते? इंटरव्हल होऊ दे. परसातला गुलाब धरेल का? इंटरव्हल होऊ दे. मध्यंतरी इथे पंतप्रधानच भराभर बदलले, तर काकांची तक्रार अशी, की एकही इंटरव्हलपर्यंत टिकला नाही, त्यामुळे मत द्यायचं राहून गेलं. घरी पिक्चर बघतानाही ते बरोबर मध्यावर थांबवतात, उठतात, दिवे लावतात आणि ओव्हनमध्ये भाजलेल्या शेंगा पुड्यांतून वाटतात. पुडे कौन्सिलकडून येणाऱ्या पत्रकांचे. रिसायकलिंगची ह्याहून बरी रीत कौन्सिललाही ठाऊक नसेल.

तर अशा ह्या काकांना मी मंडळाच्या सिनेमाला नेलं. चूक माझीच.

आमचं मराठी मंडळ लहान, पण अध्यक्ष प्रज्ञाताईंची शिस्त मोठी. त्यांनी शनिवारी दुपारी चर्चचा हॉल घेऊन एक जुना कृष्णधवल मराठी पिक्चर लावायचं ठरवलं होतं. हेतू हा, की इथे जन्मलेल्या मुलांच्या कानावर मराठी पडावी. भाड्याचा पडदा आयत्या वेळी आलाच नाही, म्हणून दोन खांबांना पांढरी चादर ताणून बांधली. ती पाहून काकांचा चेहरा असा फुलला, की मला धोका तेव्हाच कळायला हवा होता. त्यांनी एक घडीची खुर्ची उचलली आणि सरळ चादरीमागे जाऊन बसले.

"अहो बिडवेकाका," प्रज्ञाताई म्हणाल्या, "तिकडे नाही बसता येणार. फायर एक्झिट आहे तिकडे."

"मग बरंच की. आग लागली तर मी पहिला बाहेर."

"अहो, पण तुम्हाला उलटं दिसेल!"

"तुम्हाला दिसतंय ते उलटं," काका शांतपणे म्हणाले.

पिक्चर सुरू झाला. गोष्ट साधी होती. एक भाऊ, एक बहीण, आईबाप नाहीत. भाऊ नोकरीसाठी शहरात जातो, बहीण रोज एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहते. दहा मिनिटांत पुढे बसलेली मुलं चुळबुळायला लागली. खाली इंग्रजी सबटायटल्स होती, ती वाचून मुलं मोकळी होत होती. मराठी कानावर पडत होती आणि तशीच खाली घरंगळत होती. मग कुणाची तरी सात वर्षांची ईशा पाणी प्यायला म्हणून उठली आणि चादरीमागे गेली ती परत आलीच नाही. तिला बघायला आणखी दोघं गेली. मग चौघं.

मागून आवाज यायला लागले.

"काका, इथे लिहिलंय ते रीड नाही होत. सगळं उलटी आहे!"

"मग वाचू नको. ऐक की. ती काय म्हणाली?"

"ती म्हणाली... 'दादा, कधी येणार'?"

"शाब्बास. आणि तो काय म्हणला?"

"तो काहीच नाही म्हणाली."

"म्हणाला."

"म्हणाला. काका, तो वाईट माणूस आहे का?"

"इंटरव्हल होऊ दे."

ज्यासाठी प्रज्ञाताईंनी हॉल घेतला होता, ते चादरीच्या चुकीच्या बाजूला चाललं होतं. काका बसल्या जागेवरून हातवारे करत होते. ते पुढून दिसत नव्हते, पण त्यांच्या वाऱ्याने चादर मधूनमधून हलत होती. मुलांच्या शोधात आया गेल्या, आयांच्या शोधात बाबा गेले. मध्यंतरापर्यंत पुढे मी, निखिल आणि प्रज्ञाताई एवढेच उरलो. प्रज्ञाताई पाच मिनिटं ताठ बसून राहिल्या. मग "जरा हेल्थ अँड सेफ्टी बघून येते" असं म्हणून त्याही मागे गेल्या. थोड्या वेळाने आम्ही डोकावलो, तर त्या जमिनीवर बसून काकांनी आणलेल्या शेंगा सोलत होत्या.

शेवट मात्र वाईट होता. भाऊ येत नाही. येते ती तार. बहीण रिकाम्या थांब्यावर उभी, आणि दिवे लागले. ईशा रडत होती. खुर्चीची घडी करून काकांनी ती जागेवर नेऊन ठेवली आणि, गुडघे धरलेले असल्यामुळे, माझ्या हाताचा आधार घेत हळूहळू गाडीपर्यंत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत राहिलेला त्यांचा शेंगांचा डबा द्यायला मी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. मी हाक मारत आत गेले आणि थांबले.

काका खोलीच्या मधोमध उभे होते. समोर टेबलावर, पुस्तकांच्या चळतीला टेकवून, टॅब्लेट. त्यावर नऊवारीतल्या, पांढऱ्या केसांच्या एक आजी. दोघांपैकी कुणीही बोलत नव्हतं. काका हातांनी पिक्चर सांगत होते. वेणी घातली की बहीण, मिशीला पीळ दिला की भाऊ. दोन्ही हातांनी स्टिअरिंग गरागरा फिरवलं, ती एसटी. आजी हसत होत्या, मध्येच कपाळाला हात लावत होत्या. मग काकांनी कपाळावर आडवा हात धरून वाट बघणारी बहीण केली. एसटी आली. थांबली. आणि तिच्यातून भाऊ उतरला. हातात बॅग घेऊन, एकेक पाऊल टाकत, बहिणीपर्यंत चालत गेला.

आजींनी टाळ्या वाजवल्या. मग बोटांनी काहीतरी विचारलं. काकांनी खांदा एका बाजूला झुकवून उत्तर दिलं. आजींचं समाधान झालेलं दिसलं. कॉल बंद झाला.

"माझी आक्का," मी उभी आहे हे बघून काका म्हणाले. "चार वर्षांनी मोठी. तिला जन्मापासनं ऐकू येत नाही. अगदी बारकं असताना तंबूत पुढं बसलं की मी तिला हातवारे करून सांगायचो, आणि मागची माणसं खडे मारायची, दिसत नाही म्हणून. मग आम्ही पडद्यामागं जाऊन बसाय लागलो. तिथं कोण काय म्हणत नव्हतं."

मी डबा टेबलावर ठेवला. "काका, पण पिक्चरचा शेवट असा नव्हता."

"तिला मी एकाही पिक्चरचा वाईट शेवट सांगितलेला नाही. लहानपणी रडली की दोन दिवस जेवायची नाही."

"आणि आता शेवटी काय विचारत होत्या?"

काका सोफ्यावर बसले. गुडघा चोळत राहिले.

"विचारत होती, भाऊ एवढा हळू का चालतोय. म्हटलं, बॅग जड आहे."

मग मीच विचारलं, शेवटचं कधी गेलात. पाच वर्षं झाली होती. दर हिवाळ्यात जायचं ठरतं आणि दर हिवाळ्यात राहतं, एवढंच ते म्हणाले.

त्या गुरुवारी ते आपण होऊन आमच्याकडे लॅपटॉपपाशी येऊन बसले. "पुण्यापर्यंतचं तिकीट काढ," म्हणाले, "पुढचं पुतण्या बघेल." मी नाव भरलं, तारीख भरली, जेवण शाकाहारी केलं. पुढच्या पानावर प्रश्न होता: विमानतळावर व्हीलचेअर हवी आहे का?

काकांचा हात गुडघ्यावर गेला. दर वर्षी तिकीट कुठे अडत होतं, ते मला आत्ता समजलं.

"पुतण्या तिला विमानतळावर आणणार," ते म्हणाले. "ती दारातच उभी राहते. आत सोडत नाहीत ना."

बाहेर कुणाचीतरी गाडी रिव्हर्स घेत होती. ती जाईपर्यंत ते थांबले.

"हो म्हण," काका म्हणाले. "बघू दे तिला बघायचं तर."

मी 'हो'वर टिक केलं.