निमसे सरांनी पास केलेलं घर

निमसे सर कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की चहाचा कप हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारतात. "तुमच्याकडं सगळ्यात शेवटी कोन जेवतं?"

प्रश्न साधा आहे, पण लोक गडबडतात. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंकडे सत्यनारायण होता, तेव्हा सरांनी तो बाईंच्या सासऱ्यांना विचारला. सासरे म्हणाले, "कोण म्हणजे? बायका." सर "बरं" म्हणाले आणि प्रसाद घेऊन उठले. आमच्या घरी विचारला तेव्हा माझ्या नवऱ्याने हसत माझ्याकडे बोट दाखवलं. पुढचा अर्धा तास सर त्याच्याशी फक्त पावसापाण्याचं बोलले. नवरा अजून म्हणतो, "तुझा तो पी.टी.चा मास्तर डोक्यावर पडलाय." मलाही तेव्हा राग आला होता. उत्तर खरं होतं म्हणून जरा जास्तच आला.

सर भिंगारला आमच्या मुलींच्या शाळेत खेळ शिकवतात, मी इंग्रजी शिकवते. ते मूळचे सोनईकडचे. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. शिट्टी ते लग्नकार्यातही काढत नाहीत. शाळेच्या कार्यक्रमात कुणाचा सत्कार असला की आमच्याकडे टॉवेल-टोपी आणि नारळ देतात. सर नारळ घेतात, टोपी घेत नाहीत. "ऱ्हाऊ द्या" म्हणून हात जोडतात. पुढारी लोक ओशाळतात. मी दहा वर्षं हा ताठा समजत होते.

लेझमीला ते एक-दोन-तीन-चार मोजत नाहीत. नगरहून गावाकडे जाणाऱ्या एसटीचे थांबे म्हणतात. "जेऊर, इमामपूर, पांढरीपूल, घोडेगाव!" घोडेगावला सगळ्या मुली एकदम खाली बसून उठतात. एखादी आधीच बसली की सर ओरडतात, "अगं ए, पांढऱ्या पुलावरच उतरली का? पुढं तिकीट हाय तुझं!"

याच लेझीमपायी आम्हाला हॉलंडमधल्या एका लहानशा गावाच्या महोत्सवाचं बोलावणं आलं. आठ दिवस, बारा मुली, सर आणि मी. हॉटेल नव्हतं. मुलींनी दोघी-दोघींनी गावातल्या सहा कुटुंबांत राहायचं, त्यांच्यात जेवायचं, त्यांचं घर बघायचं, असा त्या देवाणघेवाणीचा हेतू होता.

आयांच्या सभेत यावरून कालवा झाला. निलोफरची अम्मी म्हणाली, "सर, परक्याच्या घरात पोरगी? आणि बोलीसुद्धा कळत नाही?"

सर उठून उभे राहिले. "मी घर बघितल्याबगर पोरीची बॅग आत जानार न्हाई. आन एकबी पोरगी मन मारून कुठं ऱ्हानार न्हाई. हा माझा शब्द हाय."

मला वाटलं, सभेत बोलतात तसं बोलले. तिथे पोहोचल्यावर कळलं की तसं नव्हतं.

नगरपालिकेच्या सभागृहात सहा कुटुंबं हातात मुलींच्या नावांचे फलक घेऊन उभी होती. व्यवस्था बघणाऱ्या यानेकेबाई, सत्तरीच्या, माझ्यासारख्याच घाईच्या. त्यांचा बेत वीस मिनिटांत सगळ्यांना मार्गी लावायचा होता. सरांनी बॅगांच्या ढिगापुढे उभं राहून शिट्टी वाजवली. "म्याडम, त्यांला सांगा. आधी घरं."

मी सांगितलं. यानेकेबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच हे खूळ काढलंय. अखेर एक गाडी मागवली आणि आम्ही सहा घरं फिरलो. आपल्याकडे मुलीचं स्थळ बघायला जातात ना, तसं. सर प्रत्येक घरात शिरले की न्हाणीघराचा नळ सोडून बघत. मुलींच्या खोलीची कडी आतून लावून बघत. मग बैठकीत बसून तो प्रश्न. मी इंग्रजी करून सांगायची.

तिथे सगळे संध्याकाळी सहाला एकत्र जेवायला बसतात, त्यामुळे प्रश्नच कुणाला कळेना. एका घरात नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं, बराच विचार केला आणि नवरा म्हणाला, "कुत्रा."

"पास," सर म्हणाले.

तिकडच्या घरांना रस्त्याकडेची मोठमोठी तावदानं आणि त्यांना पडदे नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला आतलं ताट दिसतं. मला ते उघडंबोडकं वाटलं. सर खूश. "झाकन्यासारखं काय न्हाई म्हनायचं."

सगळ्यात चांगलं घर शेवटचं. हेंक आणि मार्या हे जोडपं. मुलं मोठी होऊन बाहेर गेलेली, वरच्या दोन खोल्या रिकाम्या. निलोफर आणि ऋतुजा यांना त्यांनी एकेक स्वतंत्र खोली दिली होती. नवीन चादरी, टेबलावर दिवा, खिडकीत फुलं. हेंक रोज भांडी घासतो हे कळल्यावर सरांनी त्याच्याशी दोनदा हात मिळवला. शाळेने यजमानांसाठी टॉवेल-टोप्या दिल्या होत्या. सर म्हणाले, "ते तुमी करा. मी टोपीला हात लावत न्हाई." मग मी केलं. हेंक सव्वासहा फूट. तो कमरेत वाकला, मी टोपी घातली. ती त्याने जेवण होईपर्यंत काढली नाही.

"हे घर पयल्या नंबरात पास," सर गाडीत बसताना म्हणाले.

दोन दिवस बरे गेले. गावातली मुलं तालमीला यायची आणि घोडेगाव आलं की आमच्या मुलींबरोबर "खोदेखाव!" असं ओरडून खाली बसायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तालमीत निलोफर चुकायला लागली. एरवी ती आमची पहिल्या रांगेतली. सरांनी शिट्टी वाजवून तालीम थांबवली, तिला बाजूला घेतलं. मीही गेले.

"काय झालं गं?"

"काही नाही सर."

"बरं न्हाई का?"

"बरी आहे." मग खाली बघत म्हणाली, "सर, मला त्या घरात नाही राहायचं."

मी सरळ विचारलं, "कुणी काही बोललं? हात लावला?"

"नाही मॅडम. खूप चांगलेत ते."

"मग?"

ती बोलेना. मी पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. माझ्या डोक्यात पुढचं सगळं फिरलं. परवा कार्यक्रम, मार्याबाईंना काय सांगायचं, यानेकेबाईंचा चेहरा. पंधरा वर्षांच्या मुलीला घरची आठवण येणारच. मी म्हणाले, "हे बघ, पाचच रात्री तर उरल्यात. त्यांना किती वाईट वाटेल. थोडं सांभाळून घे."

"म्याडम." सर हळू आवाजात बोलले. मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाणारा माणूस. "हे वाक्य माझ्यासमोर पोरीला बोलायचं न्हाई."

"अहो, पण कारण तरी कळू दे. तुम्हीच पास केलंय ते घर!"

"घर पास केलंतं. पोरीला कुठं इचारलंतं?" ते निलोफरकडे वळले. "चल. बॅग आनू."

आम्ही तिघं चालत गेलो. मार्याबाई घरातच होत्या. मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. त्यांनी एकच विचारलं, "आमचं काय चुकलं?"

मी सरांना मराठीत सांगितलं. सरांनी हात जोडले. "त्यांला सांगा, घर सोन्यासारखं हाय. तुमची चूक न्हाई. पन पोरगी नको म्हनाली. दोन्ही खरं हाय."

हे मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. मार्याबाई वर गेल्या. निलोफरचे दोन पोशाख त्यांनी धुऊन इस्त्री करून ठेवले होते, ते घेऊन आल्या. तिच्या हातात दिले. तेव्हा निलोफर रडली आणि तेव्हा कारण कळलं. आयुष्यात ती कधी एकटी झोपली नव्हती. भिंगारला त्यांच्या दोन खोल्यांत सहा माणसं. आजीचा हात अंगावर असल्याशिवाय तिला झोप माहीत नाही. इथे मोठी खोली, दार बंद, पलीकडून श्वाससुद्धा नाही. दोन रात्री ती पलंगावर बसून होती. ऋतुजाकडे का गेली नाहीस, म्हटलं, तर म्हणे, ऋतुजाला स्वतःची खोली पहिल्यांदाच मिळालीय, ती किती खूश आहे, तिची कशाला घालवू? आणि एवढ्या प्रेमाने दिलेली खोली नको कशी म्हणायची?

मी मार्याबाईंना सांगितलं. त्या आधी थक्क झाल्या, मग म्हणाल्या, "रोज सहाला जेवायला मात्र इथेच." तसं ठरलं.

बॅग सरांनी खांद्यावर घेतली. निलोफर पुढे चालत होती, आम्ही मागे. मी चिडलेले होते. म्हणाले, "एवढ्याशा कारणासाठी बाईचं मन दुखावलं. ऋतुजाच्या खोलीत गादी टाकली असती की झालं असतं."

"झालं असतं," सर म्हणाले. मग म्हणाले, "माझी सुरेखा हाय ना."

सरांना मुलगी आहे हे मला माहीत होतं. नाशिकला नर्स आहे, एवढंच. सरांच्या बायकोच्या दहाव्यालाही ती दिसली नव्हती. आम्ही स्टाफरूममध्ये तिला नावं ठेवली होती, त्यात मीही होते.

"श्रीगोंद्याला दिली हुती. मोठं घर, ऊस, सगळं. पंचमीला माहेरी आली. परत जायच्या दिवशी म्हनाली, अन्ना, मला न्हाई जायचं. का, म्हनलं, तर बोलंना. चारदा इचारलं. मग म्हनलं, सांभाळून घे. आन एसटीनं सोता नेऊन घातली."

गावातल्या कालव्यावर एक पूल होता. त्यावर आल्यावर त्यांनी बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"व्याह्यांनी लई मान केला. आमची पंगत बसली, सुरेखा वाढत हुती. ती कवा जेवली ठाऊक न्हाई, मला शेवटची गाडी गाठायची हुती. निघताना व्याह्यांनी मला टॉवेल-टोपी केली, म्याडम. मी वाकून घालून घेतली. ती दारात उभी ऱ्हाऊन बघत हुती."

"मग?"

"दीड वर्षानं निघाली तिथनं. आपली आपन. माझ्याकडं न्हाई आली. कशाला येईल? परत नेऊन घालील म्हनून. काय जाच हुता ते अजून ठाऊक न्हाई. तवा तिनं सांगितलं न्हाई. आता इचारायला मला तोंड न्हाई."

मला सांत्वन करता येत नाही. मी म्हणाले, "ती बॅग द्या इकडे, मी धरते थोडा वेळ." त्यांनी दिली नाही.

उरलेल्या पाच रात्री निलोफर यानेकेबाईंच्या घरी माझ्या खोलीत झोपली आणि व्यवस्थित घोरली. माझी झोप गेली ती गेली. लेझीम चांगली झाली. निरोपाच्या दिवशी मार्याबाई निलोफरला बराच वेळ सोडत नव्हत्या.

परत आल्यावर महिनाभराने मधल्या सुट्टीत सर स्टाफरूममध्ये माझ्या टेबलापाशी आले. मोबाईल पुढे केला. पडद्यावर सुरेखाचा नंबर होता. "माझा नंबर ती उचलत न्हाई. तुमच्यावरनं लावता का? एवढंच इचारा, बाप म्हनतो, नाशिकला येऊ का भेटायला. न्हाई म्हनली तर आग्रह करू नका."

मी लावला. पलीकडून तिने फोन उचलला, मी कोण ते सांगितलं, निरोप सांगितला. सर भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे तोंड करून उभे होते. पलीकडे दवाखान्याचा गलका ऐकू येत होता. मग सुरेखा म्हणाली, "नको म्हणावं. मला नाही भेटायचं." आवाज चढलेला नव्हता, थरथरलेला नव्हता. तिने फोन ठेवला.

मी एरवी असले निरोप कडा घासून, मऊ करून देते. पालकांना देते, मुख्याध्यापिकाबाईंना देते. या वेळी तसं केलं नाही. "नको म्हणाली. भेटायचं नाही म्हणाली."

सर वळले. "रडत म्हनली का?"

"नाही."

"आढेवेढे घेत?"

"अजिबात नाही. एका दमात. ठणकावून."

त्यांनी दोनदा मान हलवली. "ठनकावून," ते स्वतःशी म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले, शिट्टी मुठीत धरून. "तवा तिला असं म्हनायला येत न्हवतं, म्याडम."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. सातवीचा तास त्यांचाच होता. मुली मैदानावर जाऊन उभ्या राहिल्या. मी खिडकीतून ओरडून त्यांना सांगितलं, सर येताहेत, तोवर रांगा करा.