पासष्ट सेंटिमीटरची जागा

वॉशिंग मशीन घेण्याआधी आमच्या घराइतका अभ्यास आजवर कुणी केला नसेल. लोक लग्नं याहून कमी चौकशीत ठरवतात. बाबा वजनमापे निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून काटे तपासले आणि निवृत्तीनंतर, काटे उरले नाहीत म्हणून, आम्हाला तपासायला घेतलं. आईचं मनगट दुखायला लागलं, डॉक्टरांनी कपडे पिळायला बंदी केली, आणि पुढचे तीन आठवडे घरात ड्रमचा व्यास, पाण्याचा जडपणा आणि मोटरचे फेरे यांखेरीज विषय नव्हता.

शेवटी एका शनिवारी बाबांनी बाथरूमबाहेरचा कोपरा मोजला. आमच्याकडचा टेप आईच्या शिवणकामाचा. त्याचं पहिलं टोक फार पूर्वी शिलाईच्या सुईखाली सापडून फाटलं, त्यामुळे तो थेट दहापासून सुरू होतो. काहीही मोजा, त्यातून दहा वजा करा, हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलं होतं.

"वजनमापे साहेबांच्या घरात तुटका टेप," आई म्हणाली. हे ती दर वेळी म्हणायची.

"तुटका आहे, खोटा नाही. त्याची खोड आपल्याला ठाऊक आहे तोवर तो खराच. माणसांचंही तसंच असतं."

"कुणाकडे बघून बोलताय?"

टेपवर पंच्याहत्तर आले. बाबांनी दहा वजा केले, डायरीत पासष्ट लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. बाबांचं अक्षर दुकानात कुणाला लागणार नाही म्हणून आईनं आकडा एका चिठ्ठीवर उतरवून माझ्या हातात दिला.

दुकानात बाबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "सात किलो म्हणता, ते कोरडे कपडे की ओले?"

विक्रेता म्हणाला, "काका, तुम्हाला हवे तसे."

एवढं बोलून त्यानं स्वतःचा घात करून घेतला. पुढचा पाऊण तास बाबांनी त्याला वजन म्हणजे काय ते समजावलं. पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि तो आवाज यांवरून आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना वाटलं, हेच मालक. एक जोडपं पुढे आलं. "साहेब, हे पडद्याचं मशीन कसं आहे? यावर हवामान दिसतं म्हणे."

"कपडे वाळत कुठे घालता?"

"गच्चीत."

"तिथेही दिसतं," बाबा म्हणाले.

जोडप्यानं स्वस्तातलं घेतलं. मग रांगच लागली. मी कंटाळून काउंटरवर गेले आणि फॉर्म भरायला घेतला. चिठ्ठीवर पंचावन्न होतं. मी सवयीनं दहा वजा केले आणि पंचेचाळीस लिहिलं.

विक्रेता म्हणाला, "ताई, काकांनी निवडलेलं साठचं आहे. पंचेचाळीसमध्ये एकच बसतं. कंपनी तीच, काम तेच, अंगानं जरा बारीक."

बाबांना विचारलं असतं तर आणखी तीन आठवडे गेले असते. मी सही केली.

बाहेर पडताना बाबा भलतेच खुशीत होते. "तीन गिऱ्हाइकं करून दिली मी त्यांना. फॉर्म बघू, माप काय घातलंस?"

"बाबा, मी एक्केचाळीस वर्षांची आहे. मला दहा वजा करता येतात."

त्यांनी बाहेर काढलेला चष्मा परत खिशात ठेवला. बसमध्ये खिडकीची जागा मला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचता वाचता बाबा गेले.

मशीन चौथ्या दिवशी आलं. ऑर्डर थांबवावी हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. घर नातेवाइकांनी भरलेलं. दोन माणसं मशीन घेऊन वर येणार म्हणून काकांनी जिन्यातल्या चपला बाजूला करवल्या. आला एकच माणूस, मशीन खांद्यावर टाकून, शीळ घालत. घरातले चेहरे पाहून त्यानं शीळ गिळली. कोपऱ्यात ठेवल्यावर मशीनच्या दोन्ही बाजूंना इतकी जागा उरली, की कुणीतरी त्याला शिक्षा म्हणून उभं केलंय असं वाटावं. आत एक चादर मावत होती, तीही मनाची तयारी करून.

"हे नमुन्याचं असेल," मावशी म्हणाली. "खरं मागून येईल."

"माप कुणी घेतलं होतं?" काकांनी विचारलं.

"यांनीच," आई म्हणाली.

मग आत्या हळूच म्हणाली, "दादाचं माप चुकलं?"

झालं. शेजारचे डॉक्टर भेटायला आले होते. ते दातांचे, पण त्यांनी डोक्यावर मत दिलं. "माप चुकणं हे लक्षण असू शकतं."

त्यानंतर जो तो आपापलं लक्षण आणून ढिगात टाकू लागला. बाबांनी काकांना एकच गोष्ट दोनदा सांगितली होती. आत्याला फोनवर विनाकारण जेवलीस का विचारलं होतं. मावशीच्या यजमानांना तर बाजारात ओळखच दाखवली नव्हती. ती ओळख बाबा गेली वीस वर्षं मुद्दामच दाखवत नव्हते, पण सांगतो कोण? संध्याकाळपर्यंत बाबा सहा महिन्यांचे आजारी ठरले.

आई मशीनकडे बघत बसली होती. "मी रोज समोर होते," ती म्हणाली. "मला कसं कळलं नाही? वेळेवर दाखवलं असतं तर..."

मी आतल्या खोलीत जाऊन बाबांची डायरी उघडली. पासष्ट, खाली दोन रेघा. पर्समध्ये आईची चिठ्ठी, पंचावन्न. फॉर्मची प्रत, पंचेचाळीस. तीन कागद पलंगावर ओळीनं मांडले. बाबांनी वजा केलेले दहा आईनं पुन्हा वजा केले होते आणि आईनं केलेले मी. गप्प राहणं सोपं होतं. गेलेला माणूस तक्रार करत नाही. आणि बाबांशी बोलताना ‘बघू’, ‘असेल’, ‘तसं म्हणायचं तर’ असं म्हणत एक साधं वाक्य टाळण्यात मी अख्खं आयुष्य काढलं होतं.

चिठ्ठी पर्समध्ये परत घातली. डायरी आणि फॉर्म घेऊन बाहेर आले.

"बाबांना काही झालेलं नव्हतं," मी म्हणाले. "हे त्यांचं माप."

काकांचा विश्वास बसेना. त्यांनी टेप मागवून स्वतः कोपरा मोजला. "पंच्याहत्तर."

"दहा वजा करा," आई म्हणाली आणि एकदम थांबली. माझ्याकडे वळली. "अगं, मी चिठ्ठी लिहिली तेव्हा..."

"चिठ्ठी बरोबर होती, आई. दुकानात मी वीस वजा केले."

"वीस कशाला?" काका म्हणाले.

"अतिशहाणपणा. बाबा फॉर्म बघायला मागत होते, मी दाखवला नाही."

आईनं डायरी मांडीवर घेतली आणि त्या दोन रेघांवरून बोट फिरवलं.

"बाबांचं बरोबर होतं," मी म्हणाले.