ऐंशीच्या पुढची लेक

कुर्डुवाडीच्या पुढे सोनारी फाट्यावर जे चार्जिंग स्टेशन आहे, तिथे एखादी गाडी ऐंशी टक्क्यांच्या पुढे चार्ज झाली की ते स्टेशन तिचं माहेर होतं. ऐंशीपर्यंत ती पाहुणी असते. पाहुणीला केबल काढून केव्हाही निघता येतं. लेकीला येत नाही.

तसा फलकही तिथे लावलेला होता आणि हेमंत शेटेने तो वाचलाही होता. पण हमरस्त्यावरचे फलक आपण जसे वाचतो तसाच वाचला, म्हणजे वाचला आणि सोडून दिला.

"ऐंशी झाले," त्याची बायको वैजयंती गाडीच्या काचेतून डोकावून म्हणाली. "औशापर्यंत आरामात जाऊ. निघू या."

"होऊ दे की गच्च. पुढे मिळेल न मिळेल."

हेमंत ज्या घरात वाढला तिथे डबा काठोकाठ भरल्याशिवाय त्याला झाकण लावत नसत. वैजयंतीला हे माहीत होतं, म्हणून तिने पर्स उचलली. दोघांनी शेजारच्या टपरीवर भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. परत आले तेव्हा चार्जरच्या पडद्यावर शंभरचा आकडा होता आणि केबल निघत नव्हती.

हेमंतने बटण दाबलं. गाडीचं कुलूप उघडून पाहिलं, लावून पाहिलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की चार्जरने गाडीला धरलेलं नाही. गाडीनेच केबल धरून ठेवली होती.

"ओढू नका तसं," मागून आवाज आला. स्टेशन चालवणारी गोदाक्का पदराला हात पुसत येत होती. पन्नाशीची, ठेंगणी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "लेक हाय ती आता. इवाई, तुमी बसा. च्या ठेवलाय."

"मी इवाई?"

"तिच्या सासरचं म्हंजे आमचं इवाईच की."

गोदाक्काने त्याच्यासाठी खास खुर्ची आणवली. खुर्चीवर टॉवेल अंथरला. हेमंत व्याही म्हणून बसला. इतका मान त्याला आयुष्यात कुठे मिळाला नव्हता आणि इतकी घाईही कधी झाली नव्हती.

कारण औशाला वैजयंतीच्या भावाच्या, सुधीरच्या, मुलीचं त्याच दिवशी बारसं होतं. दिवेलागणीला पाळणा म्हणायचा, आणि नाव आत्याने कानात सांगायचं. सुधीरला बहीण एकच. नाव तिने एकटीने ठरवलं होतं आणि नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नव्हतं. ती पोहोचली नाही तर पाळण्यात बाळ बिननावाचं राहणार होतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे शेजारची कुणीतरी बाई आत्याच्या जागी उभी राहणार होती.

त्यात हेमंतची ख्याती अशी की वैजयंतीच्या माहेरच्या प्रत्येक कार्याला तो तिला पंगत उठल्यावर पोहोचवायचा आणि भांडी घासून व्हायच्या आत परत काढायचा. यावेळी त्याने शब्द दिला होता. ती आता हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत होती, आणि तिचं ते बघणं हेमंतला फार लागत होतं.

"पण ऐंशीच का?" त्याने विचारलं. घाई असली तरी त्याला हे जाणून घ्यायचंच होतं.

"ऐंशीपातूर गाडी गरजेपुरतं घेती," गोदाक्का म्हणाली. "फुडचं सावकाश जातं. सावकाश घेतलेलं अंगी लागतं. ज्या घरचं अंगी लागलं त्या घरची झाली की वो!"

"आणि पेट्रोलच्या गाड्या?"

"त्या उभ्याउभ्या पित्यात नि जात्यात. त्यांचं कुठं काय असतंय?"

हे हेमंतला पटलं. त्याने आवाराकडे नजर टाकली. लिंबाच्या सावलीत तीन गाड्या उभ्या होत्या. दोन धुऊनपुसून लख्ख, बोनेटवर हळदीकुंकवाची बोटं. तिसरी, पांढरी, जरा बाजूला. तिच्या चाकांना गवत लागलं होतं.

"ती?"

गोदाक्काने आवाज खाली आणला. "तिच्या सासरचं कुणी न्यायाला आलंच न्हाई. तिच्यासमोर नका काढू."

वैजयंती उठली, पांढऱ्या गाडीपाशी गेली आणि तिच्या आरशावरची धूळ पदराने पुसून परत आली.

"अक्का," ती म्हणाली, "ह्यांची चूक झाली. पण मला आज औशाला पोहोचायलाच हवं. मी आत्या आहे. बारसं आहे."

गोदाक्काचा चेहरा बदलला. "आगं मग आधी बोलायचं न्हाई का, बाई! माहेराला निघालेल्या बाईला अडवून मी कुठं पाप फेडू? पर लेकीला बी रीत सोडून धाडता येत न्हाई. पैल्यांदा सासरी जाणार ती. एकटी कशी धाडू? पाठराखीण देते संगं."

ती आत गेली आणि एक घरगुती चार्जर घेऊन आली. साधारण पोळ्यांच्या डब्याएवढा, हिरव्या खणात गुंडाळलेला, वायरची वेणी घातलेली. तो तिने मागच्या सीटवर बसवला आणि पट्टा लावला. मग गाडीच्या बोनेटवर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि नारळ ठेवून तिची ओटी भरली. इथवर सगळं सुरळीत झालं.

"आता येवडं सांगा, इवाई. लेकीला परत कवा आणताय?"

"बघू," हेमंत म्हणाला.

पडद्यावरचा आकडा शंभरवरून सत्तरवर आला.

हेमंतने चष्मा काढून पुसला. "असं कसं झालं?"

"मनाला लावून घेतलं तिनं," गोदाक्का म्हणाली. "पुन्यांदा इचारते. पंचमीला धाडाल का?"

"म्हणजे तसं अगदी नक्की नाही सांगता येत. कामं असतात. जमलं तर बघू."

आकडा बेचाळीसवर आला. औशाला जायला आता तेवढी वीज पुरणार नव्हती. ऊन उतरायला लागलं होतं.

हेमंत गाडीकडे वळून बघत राहिला. हे "बघू" तो लग्न झाल्यापासून म्हणत आला होता. सासूबाई दारात उभ्या राहून विचारायच्या, दिवाळीला पाठवाल ना? बघू. सुधीर फोनवर विचारायचा, ताई राहील का दोन दिवस? बघू. त्यावर कुणी कधी रागावलं नव्हतं. ऐकणारी माणसं हसून बरं म्हणायची आणि वैजयंती पिशवी उचलायची. त्या शब्दाने समोरच्याचं काय होतं, हे असं आकड्यात त्याला कुणी दाखवलं नव्हतं. त्याला आपली लाज वाटली. उतरत्या उन्हात, व्याह्याच्या खुर्चीत, टॉवेलवर बसून लाज वाटली.

"पंचमीला," तो म्हणाला. "चार दिवस. मी स्वतः आणून सोडतो."

आकडा हलला नाही. गाडी बहुधा ऐकत होती.

"आणि न्यायलाही मीच येईन. तिला वाट बघायला लावणार नाही."

हे शेवटचं वाक्य त्याने नकळत पांढऱ्या गाडीकडे बघत म्हटलं. आकडा चढत चढत ऐंशीवर येऊन थांबला. केबल हळूच सुटून गोदाक्काच्या हातात आली. गोदाक्काने डोळ्यांना पदर लावला.

"ऐंशीच?" हेमंतने विचारलं.

"बाकीचं हितं ठेवलं तिनं," गोदाक्का म्हणाली. "परत यायाला काईतरी नको व्हय?"

ते औशाला पोहोचले तेव्हा सुधीर फाटकात उभा होता आणि आत बायका समया लावत होत्या. वैजयंती चपला काढता काढताच आत धावली. तिने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, आणि नाव कात्यायनी असल्याचं जाहीर झालं. घुगऱ्या वाटून होईपर्यंत तिची कातू झाली होती. हेमंतने पंगतीत पहिल्यांदाच पहिल्या पानावर बसून जेवण केलं. गरम वरणभात कसा लागतो हे त्याला सासुरवाडीत आजच कळत होतं.

हात धुताना सुधीर शेजारी येऊन उभा राहिला. "भावजी, पंचमीला ताईला पाठवाल का? कातूची पहिलीच पंचमी."

हेमंतच्या तोंडात शब्द तयारच होता. त्याने अंगणाकडे पाहिलं. गाडी गप्प उभी होती, मागच्या सीटवर पाठराखीण पट्टा लावून बसलेली. त्या दोघींचा इथे काही संबंध नव्हता.

"पाठवतो," तो म्हणाला. "चार दिवस."

सुधीरने हेमंतच्या हातावर आणखी एक तांब्या पाणी ओतलं.

पंचमीला हेमंतने वैजयंतीला औशाला सोडलं, परत फिरून गाडी आणि पाठराखीण सोनारी फाट्यावर सोडली, आणि स्वतः एसटीने पुण्याला घरी आला. जिन्यात शेजारचे पेंडसेकाका भेटले.

"वहिनी दिसत नाहीत?"

"माहेरी गेलीय."

"आणि गाडी?"

"तीही."

"बरं झालं," पेंडसेकाका म्हणाले. "दोघी दमल्या होत्या."

चौथ्या दिवशी संध्याकाळी गोदाक्काचा फोन आला. लेक अजून दोन दिस राहीन म्हणते, पांढरीशी तिचं चांगलं जमलंय, तर इवाई, काय करू? हेमंत म्हणाला, राहू दे. मग त्याने तांदळाचा डबा काढला. तेवढ्यात वैजयंतीचा फोन आला.

"अहो, मी दोन दिवस वाढवले तर चालेल? कातू अंगावरून उतरतच नाही."

"राहा की."

तिने "नक्की?" असं दोनदा विचारलं. तिची तयारी बहुतेक दुसऱ्या उत्तराची होती.

"आणि गाडी? ती तिकडे वाट बघत बसेल ना?"

"नाही," हेमंत म्हणाला. "तिने तुझ्याआधीच विचारलं."

फोन ठेवून त्याने वाटीत तांदूळ घेतले, सवयीने वर आणखी मूठभर टाकले, आणि वाटी काठोकाठ झालेली पाहून ती मूठ परत डब्यात टाकली.