पुढचा लाल दिवा सोडायचा नाही!

"माझे डोळे बांधा, तरी नेतो तुम्हाला! डोळे बांधून!"

मर्ल हॉफने ही घोषणा केली तेव्हा त्याच्या एका हातात हेल्मेट होतं आणि दुसऱ्या हातात बायकोने कोंबलेलं सँडविच. मागे क्लबच्या स्नोमोबिली, बर्फावर पळणाऱ्या मोटारगाड्या, ओळीने घुरघुरत उभ्या होत्या. त्या हिवाळ्यात ऑन्टॅरिओ सरोवर नुसतं पिसाळलं होतं. वारा सुटला की पाण्यावरची वाफ उचलायचा आणि आमच्या टग हिलच्या पठारावर आणून बर्फ म्हणून ओतायचा. कुंपणं गडप झाली, टपालपेट्या गडप झाल्या, चर्चच्या पाटीचं फक्त वरचं टोक उरलं. असा हिवाळा आला की आमच्याकडे माणसं लग्नात नाचल्यासारखी खूश असतात. स्नोमोबिल काढायची आणि सुटायचं!

"सत्त्याहत्तर साली," मर्लने सुरुवात केली, "इतकं बर्फ होतं, की मी वरच्या मजल्याच्या खिडकीतून उतरून शाळेत गेलो होतो!"

"त्या आठवड्यात शाळा बंद होत्या," लोइस म्हणाली. "माझा बाप बस चालवायचा. मला ठाऊक आहे."

लोइस आता स्वतः शाळेची बस चालवते. गेली दोन वर्षं तिचं एकच म्हणणं होतं, की सगळ्यात पुढची गाडी आता माझी. पुढच्या माणसाला आमच्यात भगवं जाकीट मिळतं आणि ते कोणाच्या अंगावर चढायचं, हे वर्षातून एकदा, मिल क्रीक गावच्या राजमा-खिम्याच्या चिलीच्या जेवणाला, मतदानाने ठरतं. आज निघायचं होतं ते तिथेच. वीस वर्षं ते मर्लच्या अंगावर होतं. झोपताना काढत असेल, अशी आपली आमची समजूत.

"ऐक, लोइस," मर्ल म्हणाला, "अंधार पडायच्या आत सगळ्यांना मिल क्रीकला चिलीच्या पातेल्यासमोर उभं केलं नाही, तर हे जाकीट तुझं! मतदान नको नि बितदान नको!"

"सगळ्यांनी ऐकलं ना?" लोइसने मागे वळून विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

मग मर्लने नियम सांगितला. त्यानेच केलेला, त्याचाच लाडका. "बर्फाचा झोत आला की इकडेतिकडे बघायचं नाही. पुढचा लाल दिवा पकडायचा आणि सोडायचा नाही. काय?"

"पुढचा लाल दिवा सोडायचा नाही!" सगळे ओरडले.

सगळ्यात शेवटी गाडी होती मर्लच्या बायकोची, अर्डिसची. कोणी मागे राहू नये म्हणून शेवटचं माणूस भरवशाचं लागतं. मर्ल, त्याच्या मागची लोइस आणि शेवटची अर्डिस, अशा तिघांच्याच हेल्मेटात बोलायचं यंत्र होतं.

निघाले. गावाबाहेर पडून म्हाताऱ्या एझ्राच्या चाऱ्याच्या शेताला लागतात न लागतात, तोच सरोवराकडून पांढरी भिंत आली! मर्लला स्वतःच्या गाडीचं नाक दिसेना.

"मर्ल, थांबायचं का?" लोइसने विचारलं.

"थांबायचं? अगं, ही वाट माझ्या तळहातावर आहे! शेताच्या कडेकडेने डावीकडे घेतलं की झालं."

मर्लने डावीकडे घेतलं. आणखी थोडं डावीकडे घेतलं. वाट काही सापडेना, पण सांगतो कोणाला? इतक्यात पुढे धुरकट लाल दिवा दिसला, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"बघ! पुढे कोणीतरी आहे. म्हणजे वाट बरोबर आहे! धरा रे याची पाठ!"

पुढचा मात्र भलताच सावकाश चालला होता. मर्ल वैतागला. "कोण आहे हा बैलोबा? गाडी हाकतोय की वरात काढतोय?" त्याने मोठ्या दिव्याची चारदा उघडझाप केली.

हेल्मेटात अर्डिसचा आवाज आला. "अरे मर्ल, माझ्या मागे कोणीतरी येऊन चिकटलंय! डोळ्यांवर दिवे मारतंय मेलं!"

"मारू दे! परगावचा असेल कोणी. हल्ली लोकांना रीतभात उरली नाही. माझ्यापुढे पण एक रेडा आहे."

"मी बाजूला होऊ का?"

"मुळीच नाही! नियम म्हणजे नियम. पुढचा लाल दिवा सोडायचा नाही!"

उजव्या हाताला एका घराचा पिवळा दिवा दिसला. ओसरीवर एक आकृती हात हलवत होती. मर्लने ऐटीत हात हलवला. थोड्या वेळाने पुन्हा पिवळा दिवा, पुन्हा एक आकृती. आता हातात टॉवेल होता.

"काय अगत्याची माणसं आहेत बघ या बाजूची!" मर्ल म्हणाला.

"मर्ल, हे घर मघाशीच नाही का गेलं?"

"लोइस, इकडची सगळी घरं अशीच असतात. बस चालवणं वेगळं आणि रान ओळखणं वेगळं. वाट बघ ना कशी लोण्यासारखी झालीय! सुरुवातीला किती खडबडीत होती! मिल क्रीकवाल्यांनी यंदा बर्फ दाबून घ्यायला चांगला माणूस ठेवलेला दिसतो."

खरंच, दर थोड्या वेळाने वाट आणखी गुळगुळीत होत होती. तिसऱ्या ओसरीवरची आकृती गाईच्या गळ्यातली घंटा बडवत होती. मर्लचा ऊर भरून आला. इतकं स्वागत तर त्याच्या वरातीतही झालं नव्हतं!

आणि मग, आमच्याकडे होतं तसं, झोत आला तसा एकाएकी निघून गेला. ढग फाटले. कलतं ऊन पडलं.

मर्लने पुढे पाहिलं. पुढच्या गाडीवर हिरव्या कोटातली एक पाठ होती. ती पाठ त्याच्या ओळखीची होती. तो कोट त्यानेच मागच्या नाताळात आणला होता. अर्डिसपुढे डेल होता, डेलपुढे व्हर्जिल होता, आणि अशी नजर फिरवत फिरवत मर्ल मागे वळला, तेव्हा थेट लोइसच्या डोळ्यांत पाहत होता.

एझ्राच्या शेतात एक सुंदर, गोल, चकचकीत वाट तयार झाली होती. एकेक इंजिन बंद होत गेलं.

एझ्रा घंटा घेऊन ओसरीवर उभा होता. "पहिल्यांदा वाटलं, चुकलात," तो म्हणाला. "मग वाटलं, शर्यत आहे. मग म्हटलं, काही धार्मिक असेल. कॉफी टाकलीय."

अर्डिस हेल्मेट काढून चालत आली. मर्लला पळून जावंसं वाटलं, पण शेतात लपायला होतं काय!

"बैलोबा कोण?" तिने विचारलं. "आणि रेडा?"

"अर्डिस, अगं, मला काय माहीत..."

"इतकी वर्षं मी तुझ्या मागून आले. आज एक दिवस तू माझ्या मागून आलास, तर केवढी कुरकुर!"

अंधाराच्या आत मिल क्रीक आता काही गाठता येणार नव्हतं. मर्लने गुपचूप भगवं जाकीट काढलं आणि लोइसला दिलं. अंगावरची कातडी उतरवल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. लोइसने टोमणा मारायला तोंड उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि मिटलं. नुसतं म्हणाली, "वाट मात्र झकास दाबलीस, मर्ल."

लोइसने सगळ्यांना अंधार पडल्यावर मिल क्रीकला पोचवलं. दारातच तिथल्या लोकांनी विचारलं, "उशीर का झाला?" सगळे बुटांकडे बघायला लागले. मर्लनेच घसा खाकरला. "उशीर? आम्ही तर दुपारीच पोचलो असतो. फक्त पोचण्याच्या आधी एझ्राचं तेच शेत तीन-तीनदा बघायचं होतं!" आणि मग बैलोबा, रेडा, घंटा, सगळं त्याने साभिनय सांगितलं. मंडळी पोट धरून हसली. अर्डिस सगळ्यांत जास्त.

मग चिलीसाठी रांग लागली. मर्ल ताटली घेऊन निमूटपणे शेवटच्या माणसाच्या मागे उभा राहिला. एक पाऊल पुढे सरकला आणि थांबला. टाचा उंचावून, माना चुकवत, त्याने आधी रांगेच्या त्या टोकाला खरंच पातेलं आहे ना, ते नीट पाहून घेतलं.